दगड उकळू नये

“दगडाचे पैसे दिलेस?”

गाडीची डिकी उघडी, आत प्लास्टिकचे चार क्रेट, आणि गराजच्या दारात आई नाकाला पदर लावून उभी. जूनमधला शनिवार. आई बाळंतपणासाठी नाशिकहून इकडे न्यू जर्सीला आली होती, लेक तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची. आणि मी “दूध घेऊन येतो” म्हणून बाहेर पडलो तो दोन तासांनी ७० पाउंड, म्हणजे साधारण ३२ किलो, वाळके दगड घेऊन परत आलो. किंमत ६० डॉलर. दूध विसरलो हे वेगळं सांगायला नकोच.

वास मात्र खरोखर भयंकर होता. सुकटीचं पोतं पावसात भिजवून बंद खोलीत ठेवलं तर काय होईल, तसं काहीसं. टेक्सासला निघालेल्या एका गृहस्थांनी आपला १२ वर्षांचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक मोडला होता. मासे दुकानात गेले, काच कुणीतरी नेली, आणि दगड पाच महिने त्यांच्या गराजमध्ये पडून राहिले. त्यांच्यावर जे जे जगत होतं ते सगळं तिथेच मेलं आणि तिथेच वाळलं. त्याचा तो वास.

ह्या दगडांवर माझे गेले चार महिने गेले. तेव्हा ह्या रविवारी त्यांच्यावरच लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: खाऱ्या पाण्याच्या टँकमधला जुना दगड फेकू नये, स्वच्छ करून पुन्हा वापरावा. पण “स्वच्छ” ह्या शब्दाचा अर्थ आपण समजतो तो नाही, आणि तो नीट समजून न घेता काम सुरू केलं तर टँक जाऊ शकतो. माणूससुद्धा जाऊ शकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दगड ही शोभेची वस्तू. खाऱ्या पाण्यात तसं नाही, तिथे दगड हेच यंत्र. हे दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, कॅल्शियम कार्बोनेट, आतून स्पंजसारखे भोकाभोकांचे. मासे अमोनिया टाकतात, तो त्यांच्यासाठीच विष. दगडाच्या पृष्ठभागावर राहणारे काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. आणि दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, तिसरेच जिवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन वायू करून सोडून देतात. फिल्टर विकत घ्यायचा तो पाणी फिरवायला, खरं काम दगड करतो. म्हणून ह्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. जिवंत दगड नव्हे, वस्ती असलेला दगड.

तर अशी वस्ती मेलेला, कुजलेला, वाळलेला दगड आपल्या हातात आला. आता करायचं काय?

आईचं उत्तर तयार होतं. “त्यात काय, उकळून काढ की.”

आता हे उत्तर आपल्याकडे कुठल्याही घरात कुणीही देईल. दूध उकळायचं, पाणी उकळायचं, बाळाच्या बाटल्या उकळायच्या. उकळलं की शुद्ध. आई तेव्हा दिवसातून तीनदा बाटल्याच उकळत होती. मलाही ते इतकं पटलं की मी गणपतीत ४० माणसांचं वरण करायचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, एक बऱ्यापैकी दगड त्यात बसवला, पाणी ओतलं, आणि शेगडी पेटवली. स्वयंपाकघरात. शेजारच्या खोलीत लेक झोपलेली.

पाणी कोमट व्हायच्या आत मी सहज पातेल्यात डोकावलो, आणि दगडाच्या एका बाजूला मला काही बटणं दिसली. कॉफीच्या रंगाची, चामड्यासारखी सुकलेली, शर्टाच्या बटणाएवढी, एकमेकांना चिकटून बसलेली. पाण्यात ती हळूहळू फुगायला लागली होती.

मी शेगडी बंद केली. खिडक्या उघडल्या. पातेलं हातमोजे घालून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. आणि आईला म्हटलं, तू बाळाला घेऊन वर जा जरा.

ही बटणं म्हणजे झोअँथिड जातीचे जीव, प्रवाळांचे चुलतभाऊ. टँकमध्ये रंगीबेरंगी गालिच्यासारखे दिसतात, लोक हौसेने पाळतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआ नावाच्या गटातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गात जी काही अत्यंत जहाल विषं सापडली आहेत त्यांतलं हे एक. १९७१ साली हवाईमधल्या एका पॅलिथोआतून ते वेगळं काढलं गेलं. उष्णतेने ते सहजासहजी नष्ट होत नाही. दगड उकळला की वाफेबरोबर बारीक तुषार घरभर जातात आणि घरातल्या प्रत्येकाच्या फुफ्फुसात पोचतात. खोकला, ताप, धाप, छातीत दुखणं. ही ऐकीव गोष्ट नाही. दगड उकळल्यामुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ ह्या काळात दुकानांत आणि घरांत अशा संशयित विषबाधा झाल्या, त्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली अहवाल काढला.

माझ्या दगडावरचे जीव पॅलिथोआच होते का, हे ओळखत बसायला मी थांबलो नाही. पाच आठवड्यांच्या बाळाच्या घरात “बहुतेक नसावं” हे उत्तर चालत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. कधीतरी वाचलेलं होतं. पण “उकळलं की शुद्ध” हे त्याहून खोल रुतलेलं. हात आधी चालला, डोकं मागून आलं. आपल्या धंद्यातसुद्धा असंच होतं बघा. प्रॉडक्शनवर कमांड टाकल्यावर एंटर दाबता दाबता आठवतं की अरे, हा टेस्ट सर्व्हर नाही.

असो. तर पहिला नियम शीर्षकातच लिहिलाय.

आता दुसरी गोष्ट, थोडी जुनी. २०१६ मध्ये मी माझा पहिला खाऱ्या पाण्याचा टँक लावला होता, तोही जुन्याच दगडांवर. तेव्हा मी ते ब्लीचमध्ये बुडवले, चार दिवसांनी काढले, उन्हात वाळवले. शुभ्र झाले. इतके शुभ्र की मी फोटो काढून मित्रांना पाठवले. दोन क्लाऊनफिश आणले, बायकोने त्यांना नावंही ठेवली. दोन महिने सुखात गेले. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवा मखमली थर आला, चौथ्यात त्याचे केस झाले, सहाव्यात माशांना पोहायला जागा शोधावी लागायची. मी दिवे कमी केले. खाणं कमी केलं. गोगलगाई आणल्या. दर रविवारी टूथब्रश घेऊन घासत बसायचो. आणि फॉस्फेटची टेस्ट केली की आकडा जवळजवळ शून्य! म्हणजे पाणी स्वच्छ. मग शेवाळ खातंय काय?

वर्षभराने कंटाळून टँक मोडला. मासे दुकानात देऊन आलो. बायको त्या दिवशी माझ्याशी फारशी बोलली नाही.

खरी भानगड नंतर कळली. फॉस्फेट पाण्यात नव्हतं, दगडात होतं. कॅल्शियम कार्बोनेटला फॉस्फेट धरून ठेवायची सवय असते. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं टाकलेल्या खाण्यातून आलेलं फॉस्फेट त्या दगडाने पानाच्या डब्यासारखं साठवून ठेवलं होतं. स्वच्छ पाण्यात ठेवला की दगड ते हळूहळू सोडतो, शेवाळ दगडावरच बसलेलं असल्यामुळे ते जागच्या जागी खाऊन टाकतं, आणि पाण्यात मोजायला काही उरतच नाही. टेस्ट किट खोटं बोलत नव्हतं. मीच चुकीच्या जागी मोजत होतो.

ब्लीच काय करतं? जे सेंद्रिय आहे ते जाळतं. मेलेले किडे, स्पंज, शेवाळ, जिवाणू, सगळं. पण दगडाला चिकटलेल्या फॉस्फेटला ते हातही लावत नाही. उलट कुजलेल्या मालातलं थोडं मोकळं करून देतं. मी काय केलं होतं, तर लॉग फाइल डिलीट केली आणि बग सुटला म्हणून तिकीट बंद केलं. दिसायला सगळं पांढरं, आतला हिशेब तसाच.

म्हणून ह्यावेळी क्रम ठरवून काम केलं. कृती सांगतो, पण पाककृतीसारखी वाचू नका. कुठली पायरी का, हे महत्त्वाचं.

पहिली पायरी रसायनांच्या आधीची: विचारणे. दगड कुठून आला, किती वर्षं वापरला, आणि मुख्य म्हणजे त्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का? माशांवर पांढरे ठिपके आले की काही जण तांब्याचं औषध टाकतात. माशांचा रोग जातो, पण तांबं दगडात बसतं आणि पुढे ते पाण्यात सुटत राहिलं तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मरतात. असा दगड मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. ‘जुना दगड फेकू नये’ ह्याला माझा हा एवढाच अपवाद. टेक्सासवाल्या गृहस्थांनी वहीच दाखवली. बारा वर्षांच्या नोंदी, तारखांसकट. तांबं नाही. साठ डॉलर मी खरं तर त्या वहीचे दिले.

आणखी एक. दगड चालू, निरोगी टँकमधून ओला मिळत असेल तर त्याला ब्लीच लावू नका. त्याच्यावरची वस्ती हीच त्याची किंमत. ओलाच आणा, खाऱ्या पाण्याच्या टबात काही आठवडे वेगळा ठेवा, काय काय बाहेर येतं ते बघा. सरसकट सगळं मारून टाकायचं, ही घाईसुद्धा आळसाचाच प्रकार. माझा दगड आधीच मेलेला होता, म्हणून मला ती निवड नव्हती.

दुसरी पायरी: घासणे. अंगणात, पाण्याखाली धरून, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल लावून. कोरडा घासला तर धूळ उडते, आणि धुळीत काय आहे ते वर सांगितलंच.

तिसरी: ब्लीच. एक भाग साधं, वासाचं नसलेलं ब्लीच, दहा भाग पाणी, पाणी फिरतं ठेवायला एक छोटा पंप. मी पाच दिवस ठेवलं. मग पाणी बदललं आणि हायपो टाकला. फिल्म कॅमेऱ्याच्या काळात फोटो धुताना वापरायचे तोच हायपो, सोडियम थायोसल्फेट. तो उरलेला क्लोरीन मारतो. मग खळखळून धुवायचं आणि चांगले आठ-दहा दिवस उन्हात वाळवायचं. नाकाला क्लोरीनचा वास येतोय तोवर पुढे जायचं नाही.

का, तर चौथी पायरी अ‍ॅसिडची आहे. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता तोच. ह्या दोन पायऱ्यांच्या मधलं ऊन हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तोच सगळ्यात कंटाळवाणा असल्यामुळे लोक तोच गाळतात.

अ‍ॅसिड म्हणजे बाथरूमच्या फरशीला वापरतात ते म्युरिअ‍ॅटिक, हायड्रोक्लोरिक. नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. मी दहा भाग पाण्याला एक भाग घेतलं, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. दगड टाकला की सोड्याची बाटली फुटल्यासारखा फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड. दगडाचा बाहेरचा थर विरघळतो आणि त्याबरोबर त्या थरातलं फॉस्फेटही जातं. पंधरा-वीस मिनिटांत माझा फेस बसला. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं अ‍ॅसिड मारलं, आणि पुन्हा धुतलं. शेजारचे आजोबा कुंपणावरून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “ही कसली धार्मिक गोष्ट आहे का?” मी हो म्हणालो. सोपं पडलं :)

पण अ‍ॅसिड फक्त वरचा थर नेतं. पोटातलं पोटातच. त्यासाठी पाचवी पायरी, आणि खरं काम हेच: अंधारात भिजत ठेवणे. गराजमध्ये मोठा टब, समुद्राइतकं खारं पाणी, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, हीटर, पंप, आणि वर झाकण. उजेड नाही म्हणजे शेवाळ नाही. शेवाळ नाही म्हणजे दगडातून सुटलेलं फॉस्फेट खायला कुणी नाही, आणि ते अखेर पाण्यात मोजता येतं. २०१६ ला मला हेच सुचलं नव्हतं.

पहिल्या आठवड्याचा आकडा १.२ पीपीएम. चालत्या टँकमध्ये ०.१ च्या खाली हवं असतं. म्हणजे बारा पट. तेही ब्लीच आणि अ‍ॅसिड दोन्ही झाल्यावर! पाणी बदललं. दुसऱ्या आठवड्यात ०.९. मग लँथेनम क्लोराइडचे थेंब टाकायला लागलो. पोहण्याच्या तलावांत शेवाळ होऊ नये म्हणून वापरतात ते. ते फॉस्फेटला पकडून त्याचा साका करून खाली बसवतं. मासे असलेल्या टँकमध्ये हा प्रयोग जपून, रिकाम्या टबात मात्र बिनधास्त. आकडा शून्याजवळ यायचा, मी खूश व्हायचो, आणि चार दिवसांनी दगड आतून आणखी सोडायचा. ०.६. मग ०.४. मग पुन्हा ०.५! असं नऊ आठवडे. शेवटी सलग तीन रविवार काहीही न टाकता ०.०६ वर थांबला.

ह्या नऊ आठवड्यांत मी विशेष काही केलं नाही. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन गराजमध्ये जायचं, नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं, वहीत लिहायचं. लेक तोवर पालथी पडायला शिकली.

मग बाळाच्या बाटल्यांसारखाच वस्तीचाही प्रश्न. एवढं सगळं मारल्यावर आता दगड खरोखरच नुसता दगड झालेला. चालू टँकमधून मूठभर वाळू मागून आणली, थोडा अमोनिया टाकला, आणि वाट बघितली. आपल्या पोटातला इ. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. ह्या नायट्रिफाय करणाऱ्या मंडळींना त्यालाच अर्धा-एक दिवस लागतो. त्यांना डेडलाइन देऊन उपयोग नाही.

आता हिशेब. दगडाचे ६० डॉलर. ब्लीच, अ‍ॅसिड, हायपो, मीठ, टेस्ट किट मिळून १०० च्या आसपास. नवा, कोरडा, जमिनीतून खणलेला, किडामुंगी नसलेला दगड ह्याच वजनाचा मला अडीचशे डॉलरला मिळाला असता. वाचले नव्वद. त्यासाठी चार महिन्यांचे शनिवार-रविवार. तासाचा दर लावला तर हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि बायकोने तो दर लावूनही दाखवलाय.

मग का?

टेक्सासवाल्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर खरेदीची नोंद होती: फिजी. म्हणजे हा दगड पॅसिफिकमधल्या एका बेटाच्या प्रवाळी कट्ट्यावरून, ओहोटीला, कुणीतरी पहारीने फोडून काढला. खोक्यात ओल्या कागदात गुंडाळून विमानाने इकडे आला. एका माणसाच्या दिवाणखान्यात शोभा यावी म्हणून. २०१७ च्या अखेरीस फिजीने प्रवाळ आणि लाइव्ह रॉकची निर्यात थांबवली. फ्लॉरिडाजवळच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणं तर १९९७ पासूनच बंद आहे. तिथे आता लोक खाणीतला दगड परवाना घेऊन समुद्रात नेऊन ठेवतात, आणि काही वर्षांनी वस्ती झाली की काढतात. फिजी आणि फ्लॉरिडा, दोन्हीकडे उशिरा का होईना एकच गोष्ट लक्षात आली. प्रवाळाचा कट्टा वर्षाला काही मिलिमीटर वाढतो, आणि पहार एका ओहोटीत काही शतकं काढून नेते.

हे फिजीचं झालं. आपल्याकडचं सांगतो. नाशिकला आमच्या काकांच्या शोकेसमध्ये पांढऱ्या प्रवाळाचं एक झाड होतं. रामेश्वरच्या यात्रेतून आणलेलं. नाचणारी बाहुली, ताजमहाल आणि प्रवाळ, असा तो त्या काळचा सेट होता, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. रामेश्वराच्या खालीच मन्नारचं आखात. तिथली २१ बेटं प्रवाळांच्या आधाराने उभी. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तिथले प्रवाळ दशकानुदशकं खणले गेले, आणि त्यातली दोन बेटं, विलंगुचल्ली आणि पूवरसनपट्टी, पाण्याखाली गेली. काकांच्या शोकेसमुळे नव्हे अर्थातच. पण दगड म्हणजे नुसता दगड, कुणाचा नसलेला, असं समजूनच ते सगळं झालं.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: २००१ साली प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. कायद्याच्या लेखी वाघ आणि प्रवाळ एकाच यादीत. तेव्हा तिथे कुणी ‘जुना लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर माझा हा लेख दाखवून घेऊ नका. सिरॅमिकचे दगड मिळतात, जिवाणूंना काही फरक पडत नाही.)

फेकायचं म्हटलं तरी फेकणार कुठे? कचऱ्यात, तेही पूर्ण वाळवून, हे ठीक. पण पुष्कळ जणांना वाटतं की समुद्रातून आलं तर समुद्रात सोडावं, विसर्जन केल्यासारखं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाची एक ॲक्वेरियममधली शेवाळाची जात भूमध्य समुद्रात दिसली, आणि पुढे हजारो एकर समुद्रतळावर पसरली. २००० साली तीच कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या खाडीत सापडली. तिथे त्यांनी काय केलं? समुद्राच्या तळावर ताडपत्र्या अंथरल्या आणि खाली क्लोरीन सोडला. म्हणजे मी टबात केलं तेच, पण खाडीत. २००६ साली ती संपली असं जाहीर झालं, तोवर सत्तर लाख डॉलरच्या वर खर्च झाला होता. कुणीतरी आपला टँक रिकामा केला होता, एवढंच.

मला कल्पना आहे, माझ्या ७० पाउंडांनी फिजीचा समुद्र वाचणार नाही. जमिनीतून खणलेला दगड घेतला असता तरी समुद्राचं काही बिघडलं नसतं, आणि जे घेतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. पर्यावरणाचं पदक मला नको. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. ही वस्तू कुठून तरी तोडून आणलेली आहे, आणि आता परत जोडता येत नाही. मग जोवर तिच्यात काम करायची ताकद आहे तोवर तिला काम द्यावं. आणि हा दगड झिजत नाही. नीट वागवला तर माझ्यानंतरही कुणाच्या तरी टबात नऊ आठवडे भिजेल.

हे मी आईला ऑगस्टमध्ये समजावत होतो. ती ऐकत होती, मांडीवर लेक, लेकीच्या अंगावर गोधडी. येताना आईने बॅगेत आणलेली, तिच्या आणि आजीच्या जुन्या सुती साड्यांची. बायकोने आधी विचारलं होतं, की नवीन ब्लँकेट आहे की, मऊ आहे. आई म्हणाली होती, नव्या कापडाला खळ असते, बाळाला टोचते. साडी पन्नासदा धुवून निघाली की मग ती बाळाच्या अंगाला लावायची.

मी गोधडीकडे बोट दाखवलं. “दगडाचंही तेच चाललंय.”

“माझ्या साडीला कधी असला वास आला नव्हता,” आई म्हणाली. पण त्यानंतर रविवारी मी गराजमध्ये गेलो की ती जिन्यावरून विचारायला लागली, “आज किती आला?”

गेल्या आठवड्यात ती परत गेली. विमानतळावर पुष्कळ सूचना दिल्या. बाळाचं गुटीचं प्रमाण, बायकोची झोप, माझं वाढलेलं पोट. आणि सगळ्यात शेवटी: “ते पातेलं टाकून दे. त्यात वरण करू नकोस.”

पातेलं टाकलं. ते एक मात्र टाकलं.

अमोनिया दोन आठवडे शून्य आहे, नायट्राइट आज सकाळी शून्य झालं. पुढच्या शनिवारी दगड टँकमध्ये रचणार. मासे इतक्यात नाहीत, आधी गोगलगाई. बायको म्हणते, ह्यावेळी वर्ष झाल्याशिवाय ती कुणाला नाव ठेवणार नाही. असो. रविवार संपला, उद्या सकाळी नऊला स्टँडअप आहे.